बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? आवाजाच्या विज्ञानावर गावातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात विज्ञान शिकवतो. शनिवारची शाळा सुटली की काही पोरं मागे थांबतात, कधी त्यांचे आईवडील येतात, भजन मंडळातली माणसं येतात. आवाजाबद्दलचे त्यांचे प्रश्न बरेचदा तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. यातले बहुतेक प्रयोग घरच्या वस्तूंवर होतात. ते करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही विनंती.

आवाज नेमका कुठून निघतो? गळ्यातून की तोंडातून?

दोन्हीकडून, आणि दोघांची कामं वेगळी आहेत. गळा कच्चा आवाज देतो आणि तोंड त्याला घडवतं. वारा फुफ्फुसातून येतो.

आंब्याच्या कोयीची पुंगी आठवा. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवलेली कोय घ्यायची, दगडावर घासायची आणि फुंकायची. नुसती फुंकली तर ती एकच रडका सूर काढते. पण दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती धरून उघड-मीट केली की तीच पुंगी ‘वा-वा-वा’ म्हणायला लागते. कोय तीच आणि फुंकही तीच, बदलला तो ओंजळीचा आकार. माणसाचं बोलणं याच तत्त्वावर चालतं. गळ्यातले स्वरतंतू ही कोय. घसा, तोंड आणि नाक मिळून झालेली पोकळी ही ओंजळ. स्वीडनचे गुन्नार फांट यांनी १९६० साली हे गणितात नीट मांडलं. आज मोबाइलमध्ये आवाज कमी जागेत बसवून पाठवण्याच्या पद्धतींमागेही हीच मांडणी आहे.

स्वरतंतू म्हणजे गळ्यात ताणलेल्या तारा असतात का?

नाही. ‘तंतू’ या शब्दाने घोळ केला आहे. त्या ओलसर मांसाच्या दोन घड्या आहेत. श्वासनळीच्या तोंडाशी, कंठमण्याच्या मागे, त्या आडव्या बसलेल्या असतात. मोठ्या पुरुषात त्यांची लांबी साधारण दोन सेंटीमीटर असते, बाईमाणसात त्याहून कमी, आणि नवजात बाळात काही मिलीमीटरच. श्वास घेताना त्या फाकतात, बोलायचं ठरवलं की जवळ येतात.

खालून हवा रेटते तेव्हा घड्या उघडतात. हवा फटीतून जोरात निसटते, तिथला दाब पडतो, शिवाय घड्यांचा स्वतःचा लवचीकपणा असतोच, त्यामुळे त्या पुन्हा मिटतात. परत दाब साठतो आणि परत उघडतात. मेंदू प्रत्येक वेळी ‘उघड, मीट’ असा हुकूम देत नाही. तो फक्त ताण ठरवतो, बाकीचं काम हवा करते. मोठ्या पुरुषात हे सेकंदाला १०० ते १२५ वेळा घडतं, बाईमाणसात २०० च्या आसपास, आणि बाळ टाहो फोडतं तेव्हा ४०० ते ५०० वेळा.

१०० म्हणजे किती, हे ऐकायचं असेल तर गावच्या डीपीपासून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सुरक्षित अंतरावर उभे राहा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची. डीपीतलं लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणलं जातं, म्हणून तिचा हुंकार १०० हर्ट्झचा असतो. जाड्या आवाजाच्या माणसाने ‘हूं’ म्हटलं तर ते जवळपास त्याच सुरात बसतं. आमच्या भजन मंडळातल्या एका काकांनी डीपीकडे कान लावून सूर धरला आणि तो इतका जुळला की दोन आवाज वेगळे कळेनात. पोरं अवाक् झाली.

जिवंत माणसाच्या घड्या हलताना पाहण्याचं श्रेय मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाला जातं. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा स्वतःच्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि आपलेच स्वरतंतू पाहिले. गाणं शिकवणाऱ्या माणसाला हा ध्यास लागावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोलायला ताकद किती लागते?

फार कमी. पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ सात सेंटीमीटर खोल धरा आणि जेमतेम बुडबुडे निघतील इतकंच फुंका. साध्या गप्पा मारताना फुफ्फुसातली हवा घड्यांना खालून एवढ्याच दाबाने रेटत असते, पाच ते दहा सेंटीमीटर पाण्याइतकी. ओरडताना तो दाब कितीतरी पटींनी वाढतो.

बाहेर पडणारी ध्वनिऊर्जा तर त्याहून किरकोळ. साध्या बोलण्यात ती सुमारे १० मायक्रोवॅट भरते. म्हणजे दहा लाख माणसं एकाच वेळी बोलत राहिली आणि तो सगळा आवाज गोळा करता आला, तर जेमतेम १० वॅटचा एक बल्ब लागेल. कान किती तिखट असतात ते यावरून समजा.

गळ्यातून एकच आवाज येतो, मग ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे कसे ऐकू येतात?

हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

नळाखाली घागर भरताना तुमचं लक्ष कुठेही असो, घागर भरत आली हे कानाला आधी कळतं. सूर चढत जातो. पाणी वर येतं तशी आतली हवेची पोकळी आखूड होते, आणि आखूड पोकळी उंच सुरात घुमते. आता पीव्हीसी पाइपचा १७ सेंटीमीटरचा तुकडा कापा. त्याच्या एका तोंडावर तळहात फटकन मारा आणि तिथेच दाबून धरा. जो ‘टुम’ असा सूर येईल तो ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. एका बाजूने बंद नळीत लहरीचा चौथा हिस्सा मावतो, त्यावरून हा आकडा निघतो: हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर, भागिले नळीच्या लांबीची चौपट.

१७ सेंटीमीटरच का? कारण मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच असतं. जीभ सैल सोडून ‘अ’ म्हटलं की घसा-तोंडाची नळी त्या पाइपसारखीच वागते. ती ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास घुमते. गळ्यातून आलेल्या कच्च्या आवाजात १००, २००, ३०० असे एकावर एक रचलेले कितीतरी सूर असतात. नळी त्यातले आपल्या घुमण्याशी जुळणारे सूर उचलून धरते, बाकीचे दाबते.

आता जीभ हलवा. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे येऊन टाळूच्या जवळ जाते. पुढची पोकळी चिमुकली होते आणि मागची मोठी. पहिलं घुमणं ३०० च्या आसपास उतरतं आणि दुसरं २२०० च्या वर चढतं. ‘आ’ म्हणताना जबडा उघडतो, जीभ खाली आणि मागे जाते. पहिलं घुमणं ७०० च्या वर चढतं, दुसरं ११०० च्या आसपास येतं. ‘ऊ’ मध्ये ओठ गोल होऊन पुढे येतात, नळी लांबते आणि दोन्ही घुमणी खाली उतरतात. कान ही जोडीच ओळखतो. म्हणून आजी, बाबा आणि चार वर्षांची नात यांचा सूर वेगळा असला तरी तिघांचं ‘ई’ आपल्याला ‘ई’च ऐकू येतं.

एक प्रयोग करा. एकाच सुरावर ‘आ’पासून ‘ई’पर्यंत हळूहळू सरका आणि बोट कंठावर ठेवा. कंठ जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळी हालचाल जिभेची असते. मग उलट करा: तोंड ‘आ’ला स्थिर ठेवून सूर खालून वर न्या. आता कंठ वर सरकतो आणि जीभ जागेवर राहते. भजनात सूर वेगळा आणि शब्द वेगळा सांभाळता येतो तो याच सोयीमुळे.

वर्णमालेचा आणि या विज्ञानाचा काही संबंध आहे का?

संबंध काय, आपली वर्णमाला हाच तोंडाचा नकाशा आहे. पहिलीच्या भिंतीवर क-ख-ग-घ-ङ टांगलेलं असतं, पण ती रांग अशीच का, हे पोरांना कुणी सांगत नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

क-वर्ग म्हणा, मग च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. जीभ कुठे टेकते याकडे लक्ष द्या. अडवणूक घशाकडून ओठांकडे एकेक पायरी पुढे सरकत येते. व्याकरणाने क-वर्गाला कंठ्य म्हटलं आहे. आजच्या मोजणीत जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकताना दिसतो, पण क्रम तोच राहतो. आडव्या रांगेत दुसरं गणित आहे. क आणि ग यांत जागा तीच, फरक गळ्याच्या थरथरीचा. कंठावर बोट ठेवून ‘ग’ म्हणा, थरथर लगेच लागते. पाणिनीच्या परंपरेने स्थान आणि प्रयत्न असे दोन धागे धरून हे बसवलं. १९व्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी संस्कृत ग्रंथ वाचले तेव्हा घोष-अघोष, म्हणजे थरथर असलेला आणि नसलेला आवाज, हा भेद त्यांनाही नीट उलगडला.

उरला प्राण, म्हणजे अक्षरासोबत सुटणारी हवा. त्यासाठी आपल्याकडचीच वस्तू घ्या: कापूस. सरकी काढलेल्या कापसाचा चिमूटभर बोळा दोऱ्याला बांधून तोंडासमोर चार बोटांवर लटकवा. ‘ताट’ म्हणा, कापूस जरासा हलेल. ‘थाट’ म्हणा, तो उडून मागे जाईल. ‘काल’ आणि ‘खाल’ म्हणूनही पाहा. ‘ख’ मध्ये जीभ सुटल्यावरही स्वरतंतू लगेच थरथरत नाहीत. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका उशीर होतो आणि तेवढ्या वेळात नुसती हवा धावत बाहेर येते. तीच महाप्राणाची फुंकर. ‘घ’, ‘भ’ यांची गंमत आणखी वेगळी आहे. तिथे घड्या थरथरतात आणि त्याच वेळी त्यांच्यातून हवाही गळते. जगातल्या फार थोड्या भाषांमध्ये असे आवाज आहेत. आपलं दीड वर्षाचं लेकरू ‘भू’ म्हणतं तेव्हा केवढी अवघड कसरत करतं!

‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच लिहितो, मग ऐकू वेगळा का येतो?

कारण ते दोन वेगळे आवाज आहेत, लिपीत त्यांना अक्षर मात्र एकच आहे. ‘चार’ म्हणताना जिभेचं पातं टाळूशी जातं, ‘चारा’ म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी. घर्षणाची जागा पुढे सरकली की समोरची पोकळी लहान होते आणि सुसकारा जास्त तीक्ष्ण होतो. ‘श’ आणि ‘स’ यांतही हाच फरक आहे. ‘श’चा जोर साधारण २५०० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो, ‘स’चा ५००० च्या पुढे. बाहेरून आलेल्या शिक्षकांना हा ‘च’ फार छळतो. त्यांना गुराचा चारा दाखवत शिकवा, लवकर येतो.

आमची पोरं ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणतात. हा जिभेचा दोष आहे का?

नाही. अजिबात नाही.

मी आठवीला तालुक्याच्या गावी शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून वाचताना माझ्या तोंडून ‘डोया’ निघालं. त्या शाळेतल्या एका शिक्षकांनी मला तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला आणि प्रत्येक वेळी वर्ग हसला. त्या वर्षी मी परत हात वर केला नाही. आज मी स्वतः शिकवतो, पण तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे उत्तर जरा लांब होणार.

‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं, टाळूच्या घुमटाला टेकतं, आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी निसटते. ‘य’ म्हणताना टोक कुठेच टेकत नाही. जिभेचा मधला भाग ‘ई’सारखा उंच होतो आणि लगेच पुढच्या स्वराकडे सरकतो. वऱ्हाडीत ‘काळा’चं ‘काया’, ‘डोळा’चं ‘डोया’, ‘केळी’चं ‘केयी’ होतं, तेव्हा जीभ वळण्याऐवजी उंचावते. हे नेमाने होतं. पोरगं ‘माळा’ला ‘माया’ म्हणतं, पण ‘माला’ला कधीच ‘माया’ म्हणत नाही. म्हणजे त्याच्या डोक्यात ‘ल’ आणि ‘ळ’ पक्के वेगळे आहेत. ज्याची जीभ चुकते त्याला असा नेम पाळता येत नाही.

संगणकावर हे डोळ्यांनी दिसतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बनवलेला ‘प्राट’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. डच भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘बोल’ असा होतो. त्यात मी सातवीतल्या एका मुलीच्या आवाजात दोन्ही शब्द घेतले. ‘शाळा’मध्ये तिसऱ्या घुमण्याची काळी रेघ मधोमध खाली वाकलेली दिसली. मागे वळलेल्या जिभेची तीच खूण. ‘शाया’मध्ये दुसरी रेघ डोंगरासारखी वर चढून उतरली. दोन्ही चित्रं स्वच्छ होती, एकही फिस्कटलेलं नव्हतं. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘सर, म्हंजे माहं बी बरोबरच हाय?’ मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

‘ल’च्या जातीच्या आवाजाचा ‘य’ होणं हे जगभर घडलेलं आहे. फ्रेंचमध्ये झालं, स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक मुलखांत झालं. तिथे त्याला कुणी अडाणीपणा म्हणत नाही. परीक्षेच्या कागदावर ‘ळ’ लागतो, तो पोरांना यायलाच हवा, आणि तो शिकवायला सोपा आहे: ‘ट’ची जागा धरायला सांगा आणि तिथून हवा कडेने सोडायला लावा. पण घरची बोली पुसून तो शिकवायची काहीच गरज नाही. जिभेला दोन वाटा माहीत असल्या तर बिघडत नाही.

सर्दी झाली की ‘म’चा ‘ब’ का होतो?

‘म’ आणि ‘ब’ यांत ओठ सारखेच मिटतात. फरक पडजिभेकडच्या पडद्याचा: ‘म’ला तो खाली येतो आणि हवा नाकातून जाते. नाक चोंदलं की वाटच बंद, म्हणून ‘माझं’चं ‘बाझं’ होतं.

उलट अडचण जास्त गंभीर असते. लेकराचा टाळू जन्मतः दुभंगलेला असेल तर नाकाची वाट बंदच होत नाही. ‘प’, ‘ब’, ‘त’ यांच्यासाठी तोंडात दाब साठवावा लागतो. तो नाकातून गळतो आणि बोलणं गेंगाणं येतं. त्याला ‘नीट बोल’ म्हणून रागावण्यात काहीच अर्थ नाही, कारण नळीच फुटकी असेल तर दाब टिकणार कसा? टाळूची शस्त्रक्रिया सहसा वयाच्या पहिल्या दीड वर्षाच्या आत करतात, पुढे वाचा-उपचार लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणीला येतं, त्यात दुभंगलेले ओठ-टाळू आणि बहिरेपण दोन्ही पाहतात. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. आणि दोन वर्षांचं होऊनही मूल बोलत नसेल तर आधी कान तपासा. ऐकूच येत नसेल तर जीभ कुणाची नक्कल करणार?

पोराचा आवाज असा अचानक का फुटतो?

वयात येताना स्वरयंत्र वाढतं, घड्या लांब आणि जाड होतात, सूर जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. मेंदूची जुनी सवय मात्र काही महिने तशीच राहते, म्हणून मधूनच आवाज चिरकतो. हे आपोआप बसतं. त्या काळात त्याला भजनात वरच्या पट्टीत ताणायला लावू नका.

फोनवर ‘साठ’ की ‘आठ’ हे का कळत नाही?

बाजारभावाच्या बोलण्यात यावरून गैरसमज होताना मी पाहिले आहेत. क्विंटलमागे साठ रुपये कमी की आठ? जुन्या पद्धतीची फोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवते. ‘स’चा सगळा जोर ५००० च्या पुढे, म्हणून तो वाटेतच गळतो आणि मागे ‘आठ’ उरतं. फोर-जीवरच्या चांगल्या कॉलमध्ये पट्टा ७००० पर्यंत जातो, तिथे हा त्रास कमी होतो. आकडा पक्का करायचा तर ‘सहा-शून्य’ असं सुटं सांगा.

याच पट्ट्यात एक नवलही आहे. पुरुषाचा मूळ सूर १०० च्या आसपास, म्हणजे तो फोनमधून येतच नाही. तरी आवाज जाडच ऐकू येतो. वरचे ३००, ४००, ५०० हे सूर ऐकून मेंदू खालचा १०० स्वतःच भरून काढतो.

रेकॉर्डिंगमध्ये आपलाच आवाज परका का वाटतो?

एरवी आपण आपला आवाज कानाने ऐकतो आणि कवटीच्या हाडातूनही. हाडातून येणारा भाग जाडसर असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आवाज पातळ वाटतो. बाकीच्यांना तुमचा आवाज कायम तसाच ऐकू येतो.

ग्रामसभेत माइकवर ‘प’ फुटतो, त्याला काय करावं?

‘प’, ‘फ’, ‘भ’ यांची फुंकर सरळ जाळीवर आपटते. माइक ओठांच्या समोर न धरता हनुवटीच्या बाजूला, जरा तिरका धरा. फुंकर पुढे निघून जाते, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. तो माइकला बाजूनेही मिळतो. माइक तोंडाला चिकटवला की बऱ्याच माइकमध्ये खालचे सूर फुगतात आणि शब्द गढूळ होतात. एक वीत अंतर ठेवा. खंजिरी भजनाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून चालत आलेला जो जोश आहे, तो कर्ण्यातून गाळला जाऊ नये असं वाटत असेल तर हे अंतर पाळाच.

जागलीला गेलं की रात्रीची आरोळी इतकी लांब कशी जाते?

दिवसा काळी जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची गार. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे लहर वर वळून आभाळाकडे निघून जाते. थंडीच्या रात्री हे उलटं होतं. खाली गार, वर उबदार, म्हणून लहर परत जमिनीकडे वाकते. शिवाय वारा आणि वर्दळ दोन्ही पडलेली असतात. म्हणूनच मार्गशीर्षातलं शेजारच्या गावचं भजन अंथरुणात ऐकू येतं.

मोकळ्या रानात अंतर दहापट झालं की आवाज २० डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ९० डेसिबलची आरोळी शंभर मीटरवर ५० उरते, म्हणजे साध्या बोलण्याहून जरा कमी. रानडुकरं हाकलताना माणूस ‘हो’, ‘हा’ असंच ओरडतो, ‘ई’ म्हणून कुणी ओरडत नाही. जबडा उघडला की पहिलं घुमणं वर चढतं, ओठांची वाट रुंद होते आणि जास्त ऊर्जा बाहेर पडते. हे ज्ञान शेतकऱ्याच्या गळ्यात आधीपासूनच आहे.

खर्ऱ्याने बोलण्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि हे मी घसा खरवडून सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना यांचा हा खर्रा गालात धरून धरून आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते. आधी तिखट झोंबायला लागतं. झणझणीत रश्श्यावर वाढलेला माणूस वरण-भातावर येतो तेव्हाच सावध व्हायला हवं. पुढे जबडा उघडेनासा होतो. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दाखवायला जा.

बोलण्याचं काय होतं ते आता तुम्हीच सांगू शकाल. ‘आ’ला जबडा उघडावा लागतो. तो उघडत नाही म्हणून पहिलं घुमणं वर चढत नाही आणि ‘आ’ हा ‘अ’सारखा दबका येतो. गाल आणि जीभ ताठरली की ‘ट’, ‘ळ’ घोळतात. माझ्या ओळखीचा एक तिशीतला पोरगा पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या काव्यओळी, म्हणायचा. खणखणीत आवाज होता त्याचा. आता त्याच्या तोंडात दोन बोटंही मावत नाहीत, आणि तो बैलाच्या मागे गप्प उभा राहतो. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. खर्रा त्याच दिवशी बंद करायचा आणि दातांच्या डॉक्टरला दाखवायचं. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आवाज बसला तर काय करावं?

दोन-चार दिवस कमी बोला. जोर लावून कुजबुजू नका. कुजबुजीत घड्या थरथरत नसल्या तरी त्या आवळून धरलेल्या असतात. पाणी भरपूर प्या. ते थेट घड्यांवर जात नाही, पण शरीर ओलं असलं की घड्याही ओल्या राहतात. कोरड्या घड्या हलवायला जास्त दाब लागतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दिवसभर बोलणाऱ्या शिक्षकांचे गळे याचमुळे लवकर थकतात. मी सकाळी पाच मिनिटं पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवून ‘ऊं’ करत बुडबुडे काढतो, गळा मोकळा होतो. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायलाच हवं.

पोपट बोलतो, मग बैल का नाही बोलत?

पोपटाला स्वरतंतू नसतात. त्याचा आवाज छातीत, श्वासनळी जिथे फुटते तिथे तयार होतो. पण त्याला ऐकलेलं उचलायची मेंदूची देणगी आहे. बैलाला ती नाही. माकडांच्या बाबतीत तर २०१६ साली संशोधकांनी दाखवलं की त्यांचं तोंड-घसा बोलण्याजोगे आकार करू शकतात, अडतं ते मेंदूच्या ताब्यावर.

बोलणारं यंत्र घरी बनवता येईल का?

व्हिएन्नातल्या दरबारी नोकरीत असलेल्या फॉन केंपेलेनने असं यंत्र बनवून १७९१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. फुफ्फुसांच्या जागी भाता, स्वरतंतूंच्या जागी थरथरणारी पट्टी आणि तोंडाच्या जागी हाताने दाबायची मऊ नळी. भाता आपल्या लोहाराकडेही असायचा, म्हणून ही गोष्ट पोरांना पटकन कळते.

आम्ही त्याची छोटी आवृत्ती करतो. फुग्यात हवा भरायची, तोंडाशी पुंगी बसवायची, पुढे पीव्हीसीचा तुकडा आणि त्यावर तळहात. तळहात उघड-मीट केला की ‘मामा’सारखं काहीतरी निघतं. पहिल्यांदा निघालं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा ‘आलो, आलो’ म्हणून उठला होता. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर या. पाइप आणि फुगे माझ्याकडे आहेत, कापूस घरून आणा.